माळाच्या वाटेने सहा दिवस

आपण घराबाहेर पडतो ते कशासाठी? लग्नकार्य, मयत, दवाखाना, तालुक्याची कचेरी आणि देव. नुसते बघायला म्हणून, सावकाश, वाटेत उतरत, चहा घेत, कोणाच्या बांधावर घटकाभर टेकत असा प्रवास आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? मी जवळजवळ तीस वर्षे कृषी खात्यात फिरतीची नोकरी करतो आहे; पण खरे सांगायचे तर मीही केला नव्हता. आमची जीप थांबायची ती पंचनाम्याला, प्रात्यक्षिकाला नाहीतर सभेला. काम आटोपले की धूळ उडवत परत.

आमच्या मंडळींनी एकदा जेवता जेवता विचारले, "एवढी गावं पाहिली म्हणता, मग त्यात बघण्यासारखं काय आहे ते कधी घरी येऊन सांगितलंत का?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून २०२४ च्या डिसेंबरात सहा दिवसांची अर्जित रजा टाकली, जुनी मोटार दुरुस्त करून घेतली, मुलाची दुर्बीण मागून घेतली आणि आम्ही दोघे निघालो. दिवस मार्गशीर्षाचे होते. रब्बी ज्वारी निसवलेली, कोळपण्या संपलेल्या, काढणीला अवकाश. शेतकऱ्याला वर्षात थोडी उसंत मिळते ती याच वेळी. आपणही निघाल तर याच दिवसांत निघा.

आमचा रस्ता असा होता : मोरगाव, सुपे, शिर्सुफळ, भिगवण, राशीन, कर्जत, करमाळा, कुर्डुवाडी, बार्शी, वैराग आणि शेवटी नान्नज. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांचा हा अवर्षणाचा पट्टा. सह्याद्रीने अडवलेले ढग इकडे पोचेपर्यंत रिकामे होतात. पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोही मनात आले तर. हा रस्ता निवडायला मला आणखी एक कारण होते. ते त्याच्या जागी सांगेन.

पहिला दिवस बुधवारचा. मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन घेतले आणि सुप्यात आलो. सुपे हे नाव शेतकऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, याच गावात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते ओढून काढली आणि जाळली. तेथून हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. त्याचीच धग लागून सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारी पाशातून दिलासा देणारा कायदा केला. आज बाजारपेठेत उभे राहिले तर चहाच्या टपऱ्या, खताची दुकाने आणि मोबाईलच्या पाट्या दिसतात. त्या दिवसाची खूण कोठे दिसत नाही. मी मंडळींना ही हकिकत सांगितली तेव्हा शेजारच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, "आमच्याच गावात झालं होय हे?"

सुप्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटर. चालत निघालात तर चहा थंड होण्याआधी दुसऱ्या टोकाला पोचाल असे आम्ही थट्टेने म्हणालो. उंच झाडी, धबधबे अशी काही आशा धरून जाल तर निराश व्हाल. नुसते पिवळे गवत, मध्ये हिवर, बाभळी, बोरी. पण सकाळी सातच्या उन्हात गवताच्या कडेला तीन चिंकारा उभ्या होत्या. बकरीपेक्षा किंचित उंच, अंगाने सडपातळ, तांबूस रंग, डोळ्यापासून नाकापर्यंत उतरलेली पांढरी रेघ आणि सारखी हलणारी काळी शेपटी. हिच्या मादीलाही लहान शिंगे असतात. पाला, गवत आणि दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर ती बरेच दिवस पाण्यावाचून काढू शकते. आपल्याकडच्या दुष्काळात टिकावे असे हे जनावर. मंडळी कितीतरी वेळ दुर्बीण सोडीनात. शेवटी एक ट्रक हॉर्न वाजवीत रस्त्याने गेला आणि तिघी गवतात विरघळल्या.

येथे माळाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा प्रवास माळाचाच आहे. सातबाऱ्यावर या जमिनीला आपण पोटखराबा म्हणतो. नावातच खराबा, मग तिची किंमत कोण करणार? वीतभर माती, खाली मुरूम. पण याच वीतभर मातीत पवन्या, मारवेल, अंजन, डोंगरी अशी गवते शेकडो वर्षे उभी आहेत. त्यांच्या मुळांची जाळी माती धरून ठेवते, वळवाचे पाणी अडवते, मुरुमात जिरवते आणि खालच्या शेतातल्या विहिरीला पाझर देते. गुरे त्यावर जगतात, मेंढपाळ जगतो, ससा, कोल्हा, लांडगा, चिंकारा जगतात. झाडे नाहीत म्हणून ही जमीन उजाड नाही. झाडे नाहीत म्हणूनच ती माळ आहे. या जनावरांना लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते. दाट झाडीत ती राहत नाहीत. म्हणून हौसेने माळावर सरसकट झाडे लावणे हेही त्यांच्या मुळावर येते. वृक्षारोपणाच्या कितीतरी खड्ड्यांना मी स्वतः हार घातले आहेत, तेव्हा हे लिहिताना थोडे जड जाते.

बारामतीला मुक्काम करून गुरुवारी शिर्सुफळच्या तलावावर गेलो. इंग्रजी अमदानीतला हा तलाव. हिवाळ्यात पाणपक्ष्यांनी भरलेला असतो. वन विभागाने याच भागात शिर्सुफळला आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. गावचीच मुले वाटाडे म्हणून येतात. माळ दाखवून पैसे मिळतात हे मला पूर्वी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

दुपारी भिगवण. बाजारात शिरताच तळलेल्या चिलापीचा वास. पण वार गुरुवार, तोही मार्गशीर्षातला, आणि भरीला एकादशी. मंडळींनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिले. आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली. भिगवणला जाऊन मासळी न खाता परतलेला माणूस म्हणून माझे नाव घ्यायला हरकत नाही.

कुंभारगावला नाव ठरवली आणि उजनीच्या पाण्यात गेलो. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. एकशे सतरा टीएमसीचा हा जलाशय; त्याखाली पुणे, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली भीमाकाठची काळीभोर जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर अजून वर येते. नाववाला तिशीतला होता. मध्ये गेल्यावर त्याने वल्हे आडवे धरले आणि सहज बोटाने पाणी दाखवले. "हितं खाली आमची जमीन हाय. आज्जा सांगायचा, खत न घालता शाळू डोईइतका व्हायचा." आजोबा शेतकरी, बाप मासेमार, आणि हा पक्षी दाखवणारा. तीन पिढ्या, एकच जागा.

रोहित, ज्यांना अग्निपंख असेही म्हणतात, ते थोडेच दिसले. त्या वर्षी धरण तुडुंब होते. रोहिताला गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. चोच उलटी बुडवून तो चिखलातले बारीक जीव गाळून खातो. पाणी उतरून गाळपेर उघडी पडली की तो हजारोंनी येतो. तेव्हा हौशी माणसाने फेब्रुवारी-मार्च गाठावा. पण आम्हाला पट्टकादंब दिसले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. हे हिमालय ओलांडून येतात आणि काठच्या शेतात चरतात. काठच्या शेतकऱ्याला विचारले, "त्रास देतात का?" तो म्हणाला, "हरभरा खात्यात थोडा. पण दोन म्हयन्याचं पाव्हणं हायती." असे म्हणणारा माणूस हरभऱ्याचा हिशेब विसरलेला नसतो; तो मनाने मोठा असतो एवढेच.

शुक्रवारी राशीन. तेथल्या देवीच्या देवळापुढच्या दीपमाळा हलवल्या तर हलतात, हे प्रसिद्धच आहे. कर्जतला पोचेपर्यंत आभाळ भरून आले. टपरीवर बसलेल्या प्रत्येकाची मान वर. डिसेंबरातले आभाळ म्हणजे हरभऱ्यावर घाटेअळी, द्राक्षावर भुरी आणि फुलोऱ्यातल्या ज्वारीला धास्ती.

कर्जतजवळ रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य आहे. १९८० मध्ये स्थापन झालेले, क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. संध्याकाळी चारनंतर गेलो. एक काळवीट नर वाटेच्या कडेला उभा होता. पाठ काळी, पोट पांढरे, मळसूत्रासारखी पिळदार शिंगे. मान मागे टाकून तो माद्यांच्या कळपाभोवती मिरवत होता, जत्रेतल्या पैलवानासारखा. माद्या मात्र पिवळट, बिनशिंगाच्या, आणि त्याच्याकडे लक्ष न देता चरत होत्या. मंडळींना हे फार आवडले. मग कसली तरी चाहूल लागली आणि कळप उधळला. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत वेग गाठणारे हे जनावर; एकेक उडी बघताना आपलेच पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटते.

पण सव्वादोन चौरस किलोमीटरमध्ये काळवीट मावेल कसे? कुंपणापलीकडे हरभरा आहे, कोवळी ज्वारी आहे. भोवतालच्या शेतांना जुन्या साड्या बांधलेल्या दिसल्या. लाल, हिरव्या, मोरपंखी. लांबून वाटले की गावात लग्न आहे. एका बांधावर एक बाई पत्र्याचा डबा घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शहरातली मानसं गाडीतनं येत्यात, हरणं किती ग्वाड म्हनत्यात आन् जात्यात. आमी राती जागतो." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पूर्ण संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पीक नुकसानीची भरपाई वन विभाग देतो. पण त्यासाठी नुकसान दिसताच अर्ज करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो. उशीर झाला की पीक सावरते आणि पुरावा जातो. तेव्हा अशा भागात राहणाऱ्या बंधूंनी फोटो काढून त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे. तरीही रात्रीच्या जागरणाची भरपाई कोणत्याच अर्जात मागता येत नाही. त्या बाईंनी आम्हाला हरभऱ्याचे डहाळे दिले, पैसे घेतले नाहीत.

आता ते दुसरे कारण.

१९९८ पासून चार वर्षे मी करमाळा तालुक्यात होतो. वय तिशीच्या आत, पदवी ताजी, उत्साह दांडगा. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना तेव्हा जोरात होती. १९९० पासून सुरू झालेल्या या योजनेने महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागाचे भले केले, यात मला आजही शंका नाही. सांगोल्याची डाळिंबे देशभर गेली. पण योजना चांगली असली तरी प्रत्येक जमीन तिच्यासाठी नसते, हे शिकायला मला दुसऱ्याची जमीन खर्ची घालावी लागली.

त्या शेतकऱ्याचे नाव-गाव लिहीत नाही, आबा एवढेच म्हणू. चौदा एकर जमीन. नऊ एकर ज्वारी-तुरीची, पाच एकर माळ. त्या माळावर कमरेएवढे गवत. दर कार्तिकात कापून घरामागे दोन गंज्या उभ्या राहायच्या. एक चालू वर्षाची, एक शिलकीची. दावणीला बारा जनावरे. मी आबांच्या घरी पाच वेळा गेलो. "आबा, सोन्यासारखी जमीन गवताला दिलीत. पाच एकर डाळिंब लावा." सहाव्या वेळी ते तयार झाले. माझा लक्षांक पुरा होत होता हेही येथे कबूल करतो. ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आई ओट्यावरून म्हणाल्या, "भुईच्या अंगावरचं लुगडं फेडू नगंस रे." मी हसलो. अडाणी बाई, असे मनात म्हटले.

पहिली दोन-तीन वर्षे बाग चांगली वाढली. मी तिचे फोटो काढले, शेजारच्या गावांच्या सहली आणल्या. मग माझी बदली झाली. २००३ च्या दुष्काळात आबांनी टँकरच्या पाण्यावर झाडे जगवली, कर्ज काढून. पुढे तेल्या आला. २००८ मध्ये बाग उपटली. हे सगळे मला कोणाकोणाकडून कळत होते. मी फोन केला नाही. काय बोलणार?

शनिवारी दुपारी आबांच्या दारात मोटार उभी केली तेव्हा छाती धडधडत होती. आबा आता पंच्याहत्तरीचे. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब का? वाट चुकलात जणू." मग आत वळून सुनेला हाक दिली, "अगं, डाळिंबवाले भाऊसाहेब आलेत. चहा टाक."

डाळिंबवाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे वाटले असते.

चहा झाल्यावर माळावर गेलो. पाच एकरांपैकी निम्म्यात मुरूम उघडा पडलेला. पावसाने पाडलेल्या घळी, वेडी बाभूळ, गाजरगवत. नांगराने गवताची मुळे एकदा उलटली की वीतभर माती धरायला कोणी उरत नाही. चार-सहा पावसाळ्यांत ती ओढ्याला लागते. हे मी पुस्तकात वाचले होते. परीक्षेत उत्तरही लिहिले होते.

आबा एका दगडावर बसले. म्हणाले, "तेरा साली छावणी लागली तवा जनावरं तिकडं नेली. उन्हाळाभर मी आन् बैल एका छपराखाली. लोक म्हनायचे, आबाच्या गंज्या दोन साल पुरायच्या, आन् आबा छावणीत! तवा तुमची आठवण आली. खोटं कशाला बोलू."

मी म्हणालो, "आबा, चुकलं माझं. माती किती खोल आहे ते मी कुदळ मारूनसुद्धा पाहिलं नाही."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी सांगितलं. पण नांगर माझाच हुता की." आणि थोड्या वेळाने, "एवढं म्हनायला एवढ्या लांब आलात?"

नंतर त्यांनी मला माळाचा वरचा कोपरा दाखवला. एक एकर असेल. तीन वर्षांपूर्वी तेथे काटेरी फांद्या लावून चराई बंद केली. पहिल्या वर्षी नुसती कुसळी आली. कुसळे पायाला टोचतात म्हणून पोरे वैतागली. दुसऱ्या वर्षी मधूनमधून पवन्याचे ठोंब दिसू लागले. आता कोपरा पिवळा झाला होता. आबांनी एक ठोंब मुठीत धरून मला ओढून बघायला सांगितले. निघाला नाही. ओलसर जागेत पंजाचे ठसे होते. आबा म्हणाले लांडगा. "शेळी न्हेली का कधी?" मंडळींनी विचारले. "एकदा न्हेली. पर उंदीर-घुशीबी तोच मारतो. चालायचंच."

त्या रात्री आम्ही तेथेच राहिलो. आगटी पेटवून आबांच्या नातवाने हुरडा भाजला. मालदांडीची कणसे होती. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली ही ज्वारी. आमच्या खात्याने दिलेल्या सगळ्या सल्ल्यांतला इतका टिकलेला दुसरा सल्ला मला पटकन आठवत नाही. तळहातावर कणीस चोळून गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. बोलता बोलता आबांनी विचारले, "राहुरीला मारवेलीचं ठोंब मिळत्यात म्हनं?" मी म्हणालो, "आणून देतो."

आपल्याकडेही असा पोटखराबा असेल. त्यासाठी माझा सल्ला आता एवढाच : आधी चार ठिकाणी कुदळ मारून पाहा. मुरूम वितीच्या आत लागला तर नांगर घालू नका. पावसाळ्यात चराई बंद ठेवा. गवत फुलोऱ्यात आले की कापा, तेव्हाच त्यात कस असतो. बी गळाल्यावर कापले तर नुसता काडीकचरा उरतो. मात्र एक पट्टा बियांसाठी उभा ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा. आणि होळीच्या सुमारास माळ पेटवू नका. गवत चांगले येते असा समज आहे, पण त्यात बी, अंडी, पिल्ले सगळेच जळते.

रविवारचा दिवस रस्त्यात गेला. कुर्डुवाडीहून बार्शीला जाताना १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची आठवण झाली. आता रूळ रुंद झाले, गाडी मोठी झाली. बार्शीच्या पेठेत तूरडाळ घेतली, भगवंताचे दर्शन घेतले, आणि एका खानावळीत इतकी चांगली बाजरीची भाकरी मिळाली की मंडळींनी आत जाऊन तवा पाहून घेतला.

सोमवारी, अमावास्येला, वैरागवरून नान्नज. या गावाची दोन गोष्टींसाठी कीर्ती आहे. एक द्राक्षे. येथील नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतून सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणे निवडली. आज देशभरचे बागायतदार ती लावतात. दुसरी गोष्ट म्हणजे माळढोक.

माळढोक हा आपल्या माळाचा सर्वांत मोठा पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. नाकतोडे, भुंगे, शेंगा, बोरे खातो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एका कुत्र्याने, एका मेंढराच्या खुराने वर्ष वाया जाते. डोळे बाजूला असल्याने समोरची विजेची तार त्याला उशिरा दिसते. १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पण किती मोठे? सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेते, गावे, बाजारपेठा सगळे आले. खरेदी-विक्रीत, कामांत अडचणी येऊ लागल्या आणि लोकांचा राग निघाला तो कागदावर नव्हे, पक्ष्यावर. पुढे ते क्षेत्र सुमारे सव्वाबाराशेवर आणले गेले. तोवर माळ बागायत झाला होता, तारांचे मांडव उभे राहिले होते, आणि पक्षी जवळजवळ संपला होता. आज देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत असे मानतात, तेही मुख्यतः राजस्थानात. नान्नजला अलीकडे एखादा दिसला तर बातमी होते.

मनोऱ्यावर आम्ही दोन तास बसलो. काळविटे दिसली. भोवत्या, म्हणजे हिवाळ्यात येणारा शिकारी पक्षी, गवतावरून पंख न हलवता जात होता. तो नाकतोडे आणि उंदीर टिपतो. शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार. माळढोक दिसला नाही. शेजारच्या बागेतले एक वयस्कर गृहस्थ सांगत होते, लहानपणी ते शाळेला जाताना पाच-सात एकदम दिसायचे. नर गळ्याची पिशवी फुगवून हुंकार द्यायचा तो वस्तीपर्यंत ऐकू यायचा. मी विचारले, "द्राक्षं आली नसती तर राहिला असता का?" ते म्हणाले, "राहिला असता कदाचित. पण माझी पोरं शिकली नसती." याला काय उत्तर आहे? मी आबांच्या माळावर ज्या बाजूला होतो, त्याच बाजूने ते बोलत होते. फरक इतकाच की त्यांची बाग उभी राहिली होती.

परतताना वैरागच्या अलीकडे एका शेतात कडब्याची खोप दिसली, बाया-पोरांची गर्दी. आमची मोटार हळू झालेली पाहून एकाने हात केला. येळवस होती. मार्गशीर्ष अमावास्येला इकडे घरादाराला कुलूप लागते आणि सगळे शेतात जेवतात. खोपीत पांडवांचे पाच दगड चुना लावून मांडलेले. आंबील, भाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. नाव-गाव न विचारता आम्हाला पंगतीत बसवले. जेवण झाल्यावर यजमानाने विचारले, "कुठून आलात?" मी म्हणालो, "माळ बघत आलो." तो हसला. "माळात काय बघायचं असतंय?" मंडळींनी दुर्बीण त्याच्या मुलीच्या हातात दिली. ती ज्वारीच्या कडेला उभी राहून बराच वेळ बघत होती. भोरड्यांचा थवा वळला तेव्हा तिने दुर्बीण खाली करून आधी गोफण शोधली.

२०२५ च्या आषाढात राहुरीहून मारवेलीचे ठोंब घेतले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि स्वतः करमाळ्याला नेले. चांगला पाऊस झाला होता. आबा, त्यांचा नातू आणि मी, तिघांनी मिळून घळीच्या काठाने दोन-दोन फुटांवर लावले. खड्डे मी काढले. आबा मागून येत होते आणि प्रत्येक ठोंब पायाने दाबून घट्ट झाला की नाही ते बघत होते.